पाटावरचा शिकारी

आमच्याकडे गणपतीच्या कारखान्याला शाळा म्हणतात. रत्नागिरीजवळच्या पालीहून आत आलं की आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये आमची शाळा. आषाढ लागला की लोक आपापल्या घरचा पाट आणून देतात, पाटाखाली खडूनं नाव घातलेलं असतं, आणि त्याच पाटावर त्यांचा गणपती घडतो. माती कालवायची मी. साच्यातून काढून सोंड, कान, दागिने कोरायचे मी. पांढरा हात मारायचा मी, रंग द्यायचे मी. आणि चतुर्थीला पंधरा दिवस उरले की मुंबईहून आमचा दादा येणार, आंघोळ करून सोवळं नेसून बसणार आणि डोळे आखणार. मग गावभर काय, तर गणपती दादानं केले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

डोळे मला हवे होते. लपवून काय करायचंय? पन्नाशी उलटली, लग्न झालं नाही (ते का, हा वेगळा विषय आणि तुमचा नाही), अख्खं आयुष्य त्या शेडमध्ये गेलं, आणि मूर्तीला डोळे लागताना मी काय करायचं, तर रंगाची वाटी धरायची. बाईच्या हातची आखणी चालत नाही, असं बाबा म्हणायचे. कुठल्या पोथीत लिहिलंय, असं एकदा विचारलं तर दोन दिवस बोलले नाहीत. बाबा गेले, आखणी दादाकडे गेली, मुंबईच्या कंपनीत खोकी मोजणाऱ्या माणसाकडे. वर्षातले साडेअकरा महिने त्याला माती कशी असते ते आठवत नाही.

आणि तरी त्याचे डोळे चांगले यायचे. हे लिहितानासुद्धा मला त्रास होतो. पण लोक आपला गणपती न्यायला आले की आधी त्याच्या डोळ्यांत बघायचे आणि तिथंच विरघळायचे. ह्या माणसानं मला सरळ तोंडानं कधी एक शब्द विचारला नाही, आईच्या आजारपणात चार दिवस राहिला तर चार दिवस चहा थंड म्हणून कुरकुरला, आणि ह्याच्या ब्रशातून कुठून एवढी माया सांडत होती, देव जाणे.

गेल्या वर्षी आषाढात रत्नागिरीहून कॉलेजच्या एक मॅडम आल्या. त्यांच्या माहेरचा गणपती आमच्या शाळेतला, म्हणून ओळख. कॉलेजात जुन्या प्राण्यांचं दालन उघडणार होते, चतुर्थीच्या सुट्टीच्या आत. त्यासाठी त्यांना एक समुद्रातला प्राणी करून हवा होता. मी म्हटलं, समुद्रातलं काय ते मिरकरवाड्याला जेटीवर जाऊन बघा, ढिगानं पडलंय. त्या हसल्या आणि पिशवीतून चित्रं काढली.

त्याचं नाव ॲनोमॅलोकॅरिस. म्हणजे विचित्र कोळंबी, असं त्यांनी सांगितलं. पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोर बियनासोर सगळे नंतरचे. जमिनीवर तेव्हा एक चालणारा जीव नव्हता, जे काय होतं ते पाण्यात, आणि त्या पाण्यात हा सगळ्यांचा काळ होता. पुढं दोन हात, कोळंबीच्या शेपटीसारखे पेरापेराचे, आतल्या अंगाला काटे. खाली गोल तोंड, अननसाच्या चकतीसारखं, मध्ये भोक आणि भोवती दातांच्या पट्ट्या. दोन्ही अंगांना वल्ह्यांसारखी पाती. आणि डोक्याच्या दोन बाजूंना दांड्यांवर दोन मोठे डोळे, बाहेर काढलेले.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. हा प्राणी पहिल्यांदा तुकड्यातुकड्यानं सापडला. हात सापडले, तर शिकलेल्या लोकांनी ठरवलं, ही कोळंबी. तोंड सापडलं, तर म्हणाले हा जेलीफिश. अंग सापडलं, ते आणखी तिसरंच काहीतरी. तिघांना तीन नावं देऊन मोकळे झाले. कितीतरी वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे, हा मेला एकच प्राणी आहे. मी म्हटलं, मॅडम, आमच्या शाळेत अजून तेच चाललंय, हात माझे आणि नाव भलत्याचं. त्यांना ते कळलं नाही आणि मी सांगतही बसले नाही.

काम मी घेतलं. एक तर देवाचं नव्हे, तेव्हा सोवळंओवळं नाही. आणि दुसरं म्हणजे त्याला डोळे होते, आणि ते कुणाला द्यायचे हे विचारायला कुणी बसलेलं नव्हतं.

तारेचा सांगाडा केला, त्यावर कागदाचा लगदा. माझ्या हाताएवढा लांब. पात्यांना जुन्या धोतराचं कापड खळीत बुडवून घातलं. सवय वाईट असते. पुढचे हात करायला घेतले आणि बोटांनी आपोआप त्यांना वरती वळण दिलं, सोंडेसारखं, टोकाला मोदक द्यायचा तेवढा बाकी. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, ताई, हा आशीर्वाद देत नाही, हा पकडून तोंडात घालतो. हात खाली वळवा. तोडून परत केले. गावातली माणसं गणपती बघायला म्हणून यायची आणि ह्याच्यापुढं उभी राहायची. एकानं विचारलं, ह्याचं कालवण बरं होत असेल काय. म्हटलं, तो असता तर तुझंच कालवण झालं असतं, चल नीघ.

खरं सांगते, मला तो आवडायला लागला. दिवसभर सभोवती छप्पन्न गणपती, सगळे हसतमुख, सगळे देणारे. त्यांत हा एक घेणारा. कुणाचं भलं करायची जबाबदारी नाही. मी त्याच्याशी बोलायचे. दादाबद्दल जे काय पोटात होतं ते सगळं त्याला सांगून झालं.

पण एक चूक केली. पावसाळी ओल, खाली ठेवला तर लगदा भिजणार, म्हणून हाताशी होता तो एक जास्तीचा पाट घेतला आणि त्यावर त्याला बसवला. आमच्या शाळेत पाटावर काही बसवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. बाबांचा नियम होता, की आखणीला बसलं की पाटावर पांढरा हात मारून जे तयार असेल त्या सगळ्याला डोळे देऊनच उठायचं. गणपती असो, उंदीर असो, गौरीचा मुखवटा असो. आंधळं कुणाला ठेवायचं नाही. दादा बाकी काही पाळत नाही, पण हे पाळतो.

तो पहाटेच्या गाडीनं आला त्या दिवशी मी रत्नागिरीला गेले होते, त्याच प्राण्यासाठी चकाकीचं वॉर्निश आणायला. त्याच्या डोळ्यांचे गोळे पांढरे करून ठेवले होते. मॅडमनी सांगितलं होतं, ह्याच्या एकेका डोळ्यात हजारो बारीक भिंगं, चतुर किड्याच्या डोळ्यासारखी. ती मी सुईच्या टोकानं एकेक टेकवणार होते. आठवडाभर मनात तेच काम चाललेलं. दुपारच्या एसटीनं परत आले तर दादा ओट्यावर चहा पीत बसलेला. म्हणाला, बावीस झाले, उरलेल्यांचे रंग आटप.

आत गेले. बावीस गणपती रांगेत, सगळे बघत होते. आणि रांगेच्या शेवटी, पाटावर, माझा शिकारी. दांड्यांवरच्या दोन्ही गोळ्यांवर दादानं डोळे आखले होते. लांब, कमळाच्या पाकळीसारखे. वर पापणीची रेघ, आत तपकिरी बुबुळ, त्यात पांढरा थेंब. खाली काट्यांचे हात, दातांची चकती, आणि वर हे दोन डोळे मला म्हणत होते, ये बाळा, जेवलीस का.

तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन विचारलं, हे काय केलंस. तर म्हणतो, पाटावर होतं, पांढरं होतं, आखलं. दोन गोळे कोरे ठेवून उठू काय? मी म्हटलं, तो काय प्राणी आहे, कसला आहे, विचारायचं तरी होतंस. म्हणाला, तुला विचारून आखणी कधीपासून करायची?

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. बघून आधी हसू फुटलं त्यांना, मग घाबरून माझ्याकडे बघितलं. दादा तिथंच होता, सोवळ्यात. मॅडमनी बिचाऱ्यांनी सौम्य शब्दांत सांगितलं, की डोळे सुंदर आहेत पण ह्या प्राण्याचे असे नव्हते, हा भक्ष्य शोधणारा होता, त्याच्या डोळ्यात भाव नसणार. दादानं ब्रश वाटीवर आडवा ठेवला.

"डोळ्यात माया नसली तर ते डोळे नव्हेत मॅडम, भोकं. भोकं पाडायची तर हिच्याकडून पाडून घ्या."

मी बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, आणि त्याच्या देखत, मॅडमच्या देखत, ते दोन्ही डोळे पुसले. आखलेले डोळे पुसायचे नसतात. चुकले तरी वरून सुधारायचे, पुसायचे नाहीत, हे शाळेतल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. रंग ओला नव्हता, दोनदा घासावं लागलं. बुबुळ पसरलं आणि सगळा गोळा मळकट तपकिरी झाला. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दादा उठला. ब्रश धुतले, एकेक टिपले, डब्यात घातले. डबा पिशवीत घातला.

"हात पोचला ना डोळ्यांपर्यंत? आता सगळेच तू आख."

संध्याकाळच्या गाडीनं गेला. आत चौतीस गणपती आंधळे होते आणि चतुर्थीला चौदा दिवस.

मला वाटलं होतं घाबरायला होईल. छे. मी त्या रात्री पोटभर जेवले. तीस वर्षं जे मागत होते ते मेल्यानं रागानं का होईना, टाकून दिलं होतं, आणि मी ते उचललं. आधी शिकारी पुरा केला. गोळे परत पांढरे केले, त्यावर काळपट हिरवा, मग सुई. एका डोळ्याला दोन दिवस लागले. ठिपका, ठिपक्याशेजारी ठिपका, मान मोडून आली, पण हात एकदाही हलला नाही. प्रत्येक ठिपक्याला दादाला एकेक शिवी. शिव्या संपल्या तेव्हा परत पहिल्यापासून सुरू केल्या. वर वॉर्निशचा हात मारला आणि लांब जाऊन उभी राहिले, तर तो बघत होता. माझ्याकडे असं नाही, सगळीकडे. कुठंही उभं राहा, तुम्ही त्याला दिसताय आणि त्याला तुमचं काही वाटत नाही, तुम्ही त्याचं जेवण. मॅडम आल्या आणि दारातच थबकल्या. म्हणाल्या, ताई, पन्नास कोटी वर्षांपूर्वी हे असंच वाटलं असेल समोरच्या जिवाला. टेम्पोत घालून घेऊन गेल्या. मी टेम्पोमागं रस्त्यापर्यंत गेले. एवढा अभिमान मला आयुष्यात कशाचा वाटला नव्हता.

मग गणपती घेतले. सोवळं नेसले, बाजारातून आणलेले नवे ब्रश, बाबा बसायचे त्याच जागी बसले. वाटी धरायला कुणी नव्हतं, मांडीशी ठेवली. रेघ सरळ आली, बुबुळ गोल आलं, थेंब जागच्या जागी. दादापेक्षा साफ काम, फक्त हात त्याच्याइतका चपळ नाही. दिवसाला पाच, कधी चार. मनातल्या मनात त्याला म्हणत होते, बघ. हे बघ. आता हे बघ. सगळे चौतीस झाले तेव्हा चतुर्थीला तीन दिवस होते.

पहिली आली ती आतल्या वाडीतली म्हातारी. दोन्ही मुलगे मुंबईला, ते यायचे आदल्या रात्री, म्हणून ती दरवर्षी स्वतः लवकर येऊन डोक्यावरून गणपती नेते. शेतावरून नेसत्या लुगड्यानंच आलेली, पायाला चिखल, हातात विड्याची पानं. मी तिचा पाट पुढं केला आणि मूर्तीवरचं फडकं काढलं. ती वाकून बघायला लागली. मी तिच्या खांद्यामागं उभी होते, कौतुक ऐकायला.

तिथून पहिल्यांदा बघितलं मी तो गणपती. आखताना माणूस वीतभर अंतरावर असतं, त्याला रेघ दिसते, डोळे दिसत नाहीत. आता दिसले. ते डोळे मला ओळखीचे होते. ते मी टेम्पोत घालून रत्नागिरीला पाठवले होते.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं, विडा ठेवला, हात जोडले. मला म्हणाली, गणपती रागावलाय गो. मी म्हटलं, नाही हो, नवा रंग आहे, तसं वाटतं. तिनं मान हलवली. तक्रार नव्हतीच तिची. मूर्तीकडे बघत, अगदी हळू, मला नव्हे तर त्यालाच सांगितलं तिनं.

"असूंदे. आमचंच काय तरी चुकलं आसंल यंदा."

आणि चुंबळ डोक्यावर ठेवून पाट उचलायला वाकली.

हिनं काय केलं होतं? ह्या बाईनं आयुष्यात कुणाचं वाकडं केलं नसेल. आणि ती पाच दिवस घरात त्या डोळ्यांपुढं बसणार, दिवा लावणार, नैवेद्य दाखवणार, आणि शोधत राहणार की माझं काय चुकलं. मी पाट धरला. म्हटलं, थांबा, एक रेघ राहिली आहे. तिला स्टूल दिलं, चहा ठेवला, आणि शेडमागं जाऊन दादाला फोन लावला. त्यानं शेवटच्या रिंगला उचलला. मी म्हटलं, डोळे रागीट येतायत.

"आखताना शिव्या कुणाला घालतेस?"

म्हटलं, तुला.

"मग तो गणपती मला पाठव. म्हातारीला कशाला देतेस?"

म्हातारीचं नाव मी काढलं नव्हतं. पण पहिली कोण येते ते त्याला माहीत होतं. एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. येतो म्हणाला नाही, काय कर ते सांगितलं नाही, कशी आहेस तर नाहीच नाही. असा हा माणूस. आणि बोलला ते खरं होतं. त्याचं खरं निघावं याचा मला जेवढा संताप आला तेवढा त्या शिकाऱ्याचे डोळे बिघडवले तेव्हाही आला नव्हता.

आत आले. म्हातारीला म्हटलं, स्टूल इथं आणा, माझ्यासमोर, मूर्तीच्या पलीकडे. अशाच बसा. ती बसली. कशाला, विचारलं नाही. मी फडकं ओलं केलं आणि डोळे पुसले, माझे स्वतःचे आखलेले, आणि परत पांढरा हात दिला. तो सुकेपर्यंत ती मला सांगत होती, धाकट्याला सुट्टी मिळतेय की नाही, भात पसवायला आलंय, लोंब्या सुटतायत, डुकरं त्रास देतायत. मी ऐकत होते. मग ब्रश घेतला. मूर्तीच्या कानावरून मला तिचं तोंड दिसत होतं. दादाकडे मन गेलं की ब्रश उचलायचा आणि तिच्याकडे बघायचं, असं करत करत आखलं. चारचारदा उचलावा लागला. रेघ आधीसारखी साफ आली नाही. उजवी पापणी जराशी जाड झाली. दादासारखी माया तर त्यात नव्हतीच, ती माझ्याकडे नाही, कुठून आणू? पण तो गणपती तिच्याकडे बघत होता, एवढं झालं.

म्हातारी पुढं होऊन वाकली. मग तिनं त्याच्या तोंडावर फडकं ओढलं, उन्हाचं लहान पोराला झाकतात तसं.

"चल बाबा आता घरी."

मी पाट तिच्या डोक्यावर दिला. ती बांधावरून वळेपर्यंत मी दारात उभी होते. राग गेला नव्हता, तो जाणारही नाही, दादाशी माझं अजून धड बोलणं नाही. आत येऊन बादलीतलं पाणी बदललं आणि उरलेले तेहतीस पुसायला घेतले.